ग्लायकोजेनिन नसलं तर ग्लायकोजन बनतच नाही का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काय समजून उत्तर देतेय ते तुम्हालाही कळेल. तुमचा मोठा भाऊ ४१ वर्षांचा, मालवणच्या बाजूला ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. दोन-तीन वर्षांपासून हात खांद्याच्या वर न्यायला जड जातात, खाली बसला तर उठताना मांडीवर हात टेकावे लागतात. रक्तातलं सीके, म्हणजे स्नायू झिजले की वाढणारं विकर (एन्झाइम), किंचित वाढलेलं. डॉक्टरांनी जनुकांची तपासणी करायला लावली, तर जीवायजी-१ नावाच्या जनुकाच्या एका प्रतीत एक बदल सापडला आणि त्यापुढे शेरा पडला, ‘अर्थ अनिश्चित’. तुम्ही शोधाशोध केलीत. हे जनुक ग्लायकोजेनिन नावाचं विकर बनवतं आणि मानवी शरीरात ग्लायकोजनची, म्हणजे साखरेच्या साठ्याची, सुरुवात तेच विकर करतं, असं वाचलंत. मग घरात निष्कर्ष निघाला की भावाच्या अंगात साखरेचा साठाच होत नाही. आईने त्याला रात्री दोनदा उठवून साखरपाणी द्यायला सुरुवात केली आहे, पहाटे पेजेत गूळ. आणि तुम्ही विचारताय की साखर किती द्यावी, आणि साठा रिकामा असताना त्याने समुद्रावर जावं का.

मी मुंबईत एका रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात तीस वर्षं काढली. त्यातली बरीच स्नायूंच्या बायोप्सी बघण्यात गेली. आता दापोली तालुक्यात गावी राहते. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही आणि रिपोर्टची सगळी पानं माझ्यासमोर नाहीत, तेव्हा जिथे ‘हे अमुक गोष्टीवर अवलंबून’ म्हणेन तिथे ते खरोखरच अवलंबून आहे असं समजा.

साखरपाण्याचं आधी सांगून टाकते, कारण तो आज रात्रीचा प्रश्न आहे. नको. त्या माणसाला झोपू द्या.

कारण असं. शरीरात ग्लायकोजनचे दोन मोठे साठे असतात. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि सगळ्या स्नायूंत मिळून साधारण ४०० ग्रॅम. खाण्यावर आणि कष्टावर हे आकडे खाली-वर होतात. स्नायूंतला साठा मोठा असला तरी तो ज्याचा त्यालाच. ग्लायकोजन मोडून जी साखर निघते तिला फॉस्फेट चिकटलेलं असतं, आणि ते काढून साखर रक्तात सोडणारं विकर स्नायूत नसतंच. ते मुख्यतः यकृतात असतं, थोडं मूत्रपिंडात. म्हणजे स्नायूतलं ग्लायकोजन म्हणजे घरच्या कणगीतलं भात, आपल्या चुलीपुरतं. गावाला पुरवठा करणारं रेशनचं दुकान म्हणजे यकृत. रात्री झोपेत रक्तातली साखर टिकवायचं काम हे दुकान करतं, आणि जीवायजी-१च्या आजारात ते बंद पडत नाही. भावाला पहाटे दरदरून घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं असं काही तुम्ही लिहिलेलं नाही. त्याला मधुमेहाची औषधं चालू असतील तर गोष्ट वेगळी, ती त्याच्या डॉक्टरांशी बोला. नाहीतर रात्रीच्या साखरेने मिळेल ते फक्त वजन, आणि कमजोर मांड्यांना वाढलेलं वजन परवडत नाही.

आता तुमच्या वाचनाबद्दल. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत तेच छापलंय आणि मीही विद्यार्थ्यांना तेच शिकवलं. फक्त ते अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं तुमच्या भावाच्या कामाचं आहे.

ग्लायकोजन म्हणजे ग्लुकोजचे मणी जोडून केलेलं झुडूप. एका पूर्ण वाढलेल्या कणात ५५,००० पर्यंत ग्लुकोज असू शकतात, थरावर थर असे बारा थर, आणि तरी कणाचा व्यास ४० नॅनोमीटरच्या आसपास. या झुडपाच्या साखळ्या लांबवणारं विकर म्हणजे ग्लायकोजन सिंथेज. त्याची खोड अशी की त्याला आधीपासून असलेल्या साखळीचं टोक लागतं. टोक दिलंत तर ते भराभर मणी ओवतं, रिकाम्या हाताने त्याला धड सुरुवात करता येत नाही.

ही अडचण जुनी आहे. क्लॉड बर्नार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये यकृतातून ग्लायकोजन वेगळं काढलं. पुढे गर्टी आणि कार्ल कोरी या जोडप्याने परीक्षानळीत ग्लायकोजन बनवायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांना दिसलं की चिमूटभर तयार ग्लायकोजन टाकल्याशिवाय प्रक्रिया पुढे सरकत नाही. दह्याला विरजण लागावं तसं. या दोघांना १९४७ चं नोबेल मिळालं. त्यांचं विकर मुळात ग्लायकोजन मोडणारं होतं. शरीर ग्लायकोजन बनवतं ते वेगळ्या वाटेने, यूडीपी-ग्लुकोज नावाच्या तयार मण्यांतून. हे मणी अर्जेंटिनाच्या लुई लेलुआर यांनी उलगडले, त्यांना १९७० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण वाट बदलली तरी विरजणाचा प्रश्न तसाच राहिला. प्रत्येक कणाला आधीच्या कणाचा तुकडा लागत असेल, तर पहिला कण कुठून आला?

१९७५ मध्ये क्लारा क्रिसमन आणि बॅरेंगो यांनी सुचवलं की सुरुवात साखरेवर होतच नाही, ती एका प्रथिनावर होते. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेत मायामीला विल्यम व्हेलन आणि स्कॉटलंडमधल्या डंडीत फिलिप कोहेन यांच्या प्रयोगशाळांनी ते प्रथिन पक्कं केलं. सशाच्या स्नायूत सिंथेजला चिकटून राहणारं ३८ किलोडाल्टनचं एक प्रथिन सापडलं, तेच हे ग्लायकोजेनिन.

ते करतं काय हे मला कधीच आकृती काढून नीट सांगता आलं नाही. सोपं झालं ते आमच्या शेजारच्या काकूंना अबोलीचा वळेसर (गजरा) करताना बघून. त्या पायाच्या अंगठ्याला केळीचा दोर अडकवतात, ताणून धरतात आणि पहिली आठ-दहा फुलं सावकाश, जपून बसवतात. तेवढं झालं की दोराला पकड येते, मग हात झपाझप चालतो. ग्लायकोजेनिनमध्ये अंगठाही त्याचाच आणि हातही त्याचाच. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; तिच्यातलं एक ठरावीक टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल, माणसात १९५ क्रमांकाचं, हा अंगठा. यूडीपी-ग्लुकोजमधून ग्लुकोज काढून ते या टायरोसिनला जोडतं, त्यावर दुसरं, तिसरं, असे साधारण आठ ते बारा. या कामाला मँगनीज लागतं, आणि ग्लायकोजेनिनचे रेणू जोडीने राहतात. मग साखळी सिंथेजच्या ताब्यात जाते. तेही ग्लायकोजेनिनच्या शेपटाला धरून जवळच बसलेलं असतं. मधून मधून तिसरं विकर येऊन साखळीचा एक तुकडा तोडतं, बाजूला लावतं आणि फांदी फोडतं. वळेसर झाला की काकू अंगठा सोडवून घेतात. ग्लायकोजेनिन मात्र शेवटपर्यंत कणाच्या पोटातच अडकून राहतं.

माणसात ही ‘काकू’ दोन प्रकारची आहे. जीवायजी-१ हे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर. त्याचं प्रथिन जवळजवळ सगळीकडे, आणि स्नायू व हृदय मुख्यतः त्याच्यावरच. जीवायजी-२ एक्स गुणसूत्रावर, ते मुख्यतः यकृतात. यकृताचं दुकान चालू राहतं म्हणाले त्यामागचं एक कारण हे. एकच कारण मात्र नव्हे, कारण जीवायजी-२ निकामी असलेली माणसंही सापडली आहेत आणि त्यांच्या यकृतातही ग्लायकोजन बनत होतं.

इथूनच पाठ्यपुस्तकाचं गणित बिघडायला लागतं.

२०१० मध्ये एका तरुणाचं वर्णन प्रसिद्ध झालं, वय २७. स्नायूंची कमजोरी आणि हृदयाच्या ठोक्यांची गडबड. जीवायजी-१च्या त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, आणि स्नायूंत ग्लायकोजन जवळपास नाहीच. आम्हाला वाटलं, बरोबर, सुरुवात करणारा नाही तर साठा नाही. पुस्तक जिंकलं. तुम्ही जिथे थांबलात तिथेच तेव्हा आम्हीही थांबलो होतो. पण त्याच माणसाच्या हृदयात मात्र भलताच साठा भरलेला होता, तो कुठून आला याकडे आमच्यापैकी बऱ्याच जणांनी काणाडोळा केला.

२०१४ पासून आणखी रुग्णांची वर्णनं आली आणि चित्र उलटं निघालं. या लोकांच्या स्नायूंत जीवायजी-१चं काम करणारं प्रथिन नव्हतं, पण ग्लायकोजन होतं. नुसतं होतं असं नाही, काही तंतूंत विचित्र ढिगाऱ्यासारखं साठलेलं होतं. यकृतातली जीवायजी-२ स्नायूत येऊन बदली काम करते का, हेही तपासून झालं. तसंही दिसलं नाही. २०१७ मध्ये उंदरांवरचं काम आलं. उंदरांत ग्लायकोजेनिनचं जनुक एकच असतं, त्यामुळे ते काढलं की सगळंच गेलं. बरीचशी पिल्लं जन्मल्यावर लगेच दगावली. जी जगली त्यांच्या स्नायूंत ग्लायकोजन नेहमीपेक्षा जास्त होतं आणि ती लवकर थकत होती. त्या कणांच्या पोटात ग्लायकोजेनिनच्या जागी बसलेलं दुसरं कुठलं प्रथिनही नव्हतं. म्हणजे गरज पडली तर सिंथेज कुठूनतरी, कसंतरी सुरू होतं.

मग ग्लायकोजेनिनचं काम काय उरलं? माझं मत असं, की ते साठ्याला परवानगी देणारं विकर नाही, साठ्याला शिस्त लावणारं आहे. किती कण सुरू व्हायचे, प्रत्येकाचा मध्य कुठे, सिंथेज कुठे बांधलेलं राहायचं, हे त्याच्यामुळे ठरतं. ते नसलं की साठा बनतो पण बेशिस्त. काही तंतूंत साखळ्या लांबच लांब वाढतात, फांद्या कमी फुटतात, आणि असा ग्लायकोजन पाण्यात नीट विरघळून राहत नाही, गोळा होऊन बसतो. त्याला पॉलिग्लुकोसान म्हणतात. भाताचा आणि स्टार्चचा स्वभाव त्याला जास्त, ग्लायकोजनचा कमी. हे गोळे तंतूंत अडचण करतात आणि वर्षानुवर्षांनी तिथला स्नायू झिजतो. तेव्हा तुमच्या भावाला हा आजार असलाच, तरी त्याची कणगी रिकामी नाही. कणगीत भात आहे, पण काही पोती ओली होऊन दगड झालेली. त्यावर आणखी भात ओतून काय साधणार?

जाता जाता. कोकणातल्या माणसाला ग्लायकोजनची चव ठाऊक असते, फक्त नाव ठाऊक नसतं. खडकावरची कालवं भरलेली असतात तेव्हा ती जी गोडसर लागतात त्यात ग्लायकोजनचा मोठा हात असतो. अंडी धरायच्या काळात तो साठा खर्च होतो आणि कालव पातळ, पांचट लागतं. माझी आजी ‘आता कालवात काय राम नाय’ म्हणायची, ते जीवरसायनाच्या दृष्टीने अगदी अचूक निदान होतं.

आता बायोप्सी, कारण तुमच्या डॉक्टरांनी ‘लागली तर करू’ म्हटलंय असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते ती करावी, आणि अशा ठिकाणी करावी जिथे स्नायूंच्या बायोप्सी रोज हाताळतात.

ग्लायकोजन दाखवायला आम्ही पीएएस नावाचा रंग वापरतो, साठा गडद किरमिजी दिसतो. पण एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण कितीतरी आजारांत किरमिजी ठिपके दिसतात. खरी परीक्षा पुढची. दुसऱ्या काचपट्टीवर आधी डायस्टेज हे विकर घालायचं आणि मग रंग द्यायचा. नेहमीच्या घडणीचं ग्लायकोजन डायस्टेज खाऊन टाकतं, पट्टी फिकी पडते. पॉलिग्लुकोसान त्याला दाद देत नाही, पुष्कळसा रंग तसाच राहतो. माझ्या सुरुवातीच्या काळात बाटलीतलं डायस्टेज संपलं की आमचा एक जुना सहायक चक्क थुंकी वापरायचा. लाळेतलं अमायलेज तेच काम करतं, आणि त्याची पट्टी बाटलीवाल्यापेक्षा स्वच्छ निघायची. चहा पिऊन आलेल्याची चालणार नाही, असा त्याचा नियम होता.

हा रंगांचा फरक तुमच्या भावासाठी फार महत्त्वाचा आहे, कारण खांदे आणि मांड्या सावकाश कमजोर करणारा आणखी एक ग्लायकोजनचाच आजार आहे, पाँपे. त्यात साठा पोकळ्यांत भरतो, पण घडण नेहमीची, त्यामुळे डायस्टेजने बराचसा जातो. पाँपेवर औषध आहे. शिरेतून विकर देण्याचा उपचार २००६ पासून उपलब्ध आहे, महाग असला तरी आहे. जीवायजी-१च्या आजारावर असं ठरलेलं औषध नाही. मग आधी कशाचा पत्ता लावायचा हे उघड आहे. पाँपेची पहिली चाचणी तर कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबावरही होते. भावाला उताणं झोपल्यावर दम लागतो का, सकाळी डोकं दुखतं का, हे विचारा आणि डॉक्टरांना नक्की सांगा.

नमुन्याबद्दल एक जुनी गोष्ट सांगते, कारण ती कोकणातलीच आहे. कोकण रेल्वे तेव्हा सुरू व्हायची होती. एका छोट्या दवाखान्यातून स्नायूचा तुकडा रात्रीच्या एसटीने मुंबईला आला, मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत, थेट बर्फावर ठेवलेला. पाठवणाऱ्याने मनापासून काळजी घेतली होती. पण स्नायू असा हळूहळू गोठला की तंतूंत बर्फाचे स्फटिक होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो भोकाभोकांचा दिसतो. ती भोकं थेट साठ्याच्या पोकळ्यांसारखी वाटतात. मी तरुण होते, उत्साही होते, साठ्याच्या आजाराचा रिपोर्ट लिहायला घेतला. वरिष्ठांनी पट्टी एकदा बघितली आणि म्हणाले, ‘हा आजार बर्फाचा आहे.’ दुसरी बायोप्सी करावी लागली. उलटी चूकही होते. सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये बुडवून पाठवला तर ग्लायकोजनचा काही भाग पाण्यात निघून जातो आणि ‘साठा कमी’ असं खोटं चित्र दिसतं. द्रव नायट्रोजनने गार केलेल्या आयसोपेंटेनमध्ये काही सेकंदांत गोठवलेला तुकडा हवा, आणि प्रथिन आहे की नाही हे बघायचं तर तो लागतोच. म्हणून तुकडा प्रवासाला पाठवण्यापेक्षा माणसाला पाठवावं. तुतारी किंवा मांडवी एक्सप्रेस पकडून भाऊच मुंबईला गेलेला बरा.

आता रिपोर्टमधलं ते वाक्य, ‘एका प्रतीत बदल, अर्थ अनिश्चित’. या जनुकाचा आजार होण्यासाठी आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. एक चांगली असेल तर काम चालतं. असा माणूस फक्त वाहक. भावाच्या रिपोर्टमध्ये एकच बदल आहे आणि तोही बिघाड करणारा की निरुपद्रवी हे ठरलेलं नाही. माझ्याकडे अशी फाइल आली असती तर मी त्यावर ‘जीवायजी-१ आजार’ लिहिलं नसतं. ‘कारण अजून शोधायचं’ असं लिहिलं असतं.

पण फाइल बंदही केली नसती. अशा तपासण्यांत जनुकाचे मोठे तुकडे गळालेले असतील, किंवा बदल वाचनाच्या पट्ट्याबाहेर खोलवर असेल, तर तो निसटू शकतो. म्हणजे दुसरी प्रतही बिघडलेली असून दिसली नसेल, ही शक्यता उरते. ती सोडवायचे मार्ग आहेत. बायोप्सीत डायस्टेजला न जुमानणारे गोळे दिसले, आणि प्रथिनाच्या तपासणीत ग्लायकोजेनिन-१ नाहीच असं निघालं, तर दुसरा बदल पुन्हा कसून शोधायचा. प्रथिन व्यवस्थित असेल तर हे जनुक बहुतेक निर्दोष, मग दुसरीकडे बघायचं. यातही एक पळवाट आहे: काही बदलांत प्रथिन असतं पण काम करत नाही. म्हणून दोन्ही निकाल एकत्र वाचावे लागतात. आणि गोळे दिसले तरी ते या एकाच जनुकाचे असतात असं नाही. फांद्या फोडणाऱ्या विकराच्या बिघाडातही दिसतात, आरबीसीके-१ नावाच्या जनुकातही. पॉलिग्लुकोसान मी अनेक वेळा पाहिलं, प्रत्येक वेळी कारण वेगळं निघालं.

एक नाजूक प्रश्न: आई-वडील नात्यातले आहेत का? आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत कित्येक घरांत होती, त्यात कुणाला दोष द्यायचा नाही. पण तसं असेल तर दोन्ही प्रतींत सारखाच बदल येण्याची शक्यता वाढते, आणि तुमचं जनुकं वाचणाऱ्या तज्ज्ञाला ते माहीत हवं. आई-वडील, किंवा आता जे असतील त्यांच्या रक्ताची तपासणी झाली तर एका बदलाचा अर्थ लावणं पुष्कळ सोपं जातं. तुम्ही स्वतः वाहक असाल तरी त्याने तुम्हाला काही होत नाही. मुलांची चिंता करायची की नाही हे जोडीदारही वाहक आहे का यावर अवलंबून.

जनुकांच्या नादात साध्या गोष्टी राहू देऊ नका. हे मी दहापैकी चार फाइलींवर लिहीत असे, ऐकणारे कमी. थायरॉइड तपासलंय का? कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे का? ड जीवनसत्त्व? स्नायूंचा दाह? यातलं प्रत्येक कारण खांदे-मांड्या कमजोर करू शकतं आणि बहुतेकांवर उपाय आहे. एका बाईंच्या तीन महागड्या जनुक-तपासण्या झाल्या होत्या, आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची साधी रक्तचाचणी, कुणी केलेलीच नव्हती.

हृदयाचं मात्र आधी करून घ्या, निदानाची वाट न बघता. जीवायजी-१च्या आजारात अनेकांचं हृदय ठीक राहतं, पण पहिल्याच रुग्णात ठोके बिघडले होते, आणि काहींत तर मुख्य दुखणं हृदयाचंच निघालं. एक ईसीजी, एक इको. छातीत धडधड होऊन डोळ्यांसमोर अंधारी आली असेल तर चोवीस तासांची नोंदही.

समुद्राबद्दल. हा आजार असला तर तो बहुधा सावकाश, वर्षांच्या हिशेबाने पुढे सरकतो. एका रात्रीत हात लुळे पडत नाहीत. म्हणून ‘आजच बोट सोड’ असं मी म्हणणार नाही. तांडेलाचं डोकं आणि डोळे चालतात तोवर त्याला सुकाणूवर कुणी नको म्हणू नये. पण जाळं ओढताना, किंवा मोसम खवळलेला असताना कठड्याशी उभं राहताना, खांदे दगा देणारा माणूस पाण्यात पडला तर परत वर चढायला त्याला हातांचाच आधार नसतो. ओढायचं काम खलाशांकडे द्यावं, लाइफ जॅकेट अंगावर असावं, रात्री एकट्याने डेकवर जाऊ नये. व्यायाम बंद करू नये, चालणं-फिरणं बेताने चालू असावं. मात्र दम निघेपर्यंत ताण देऊन ‘ताकद कमवायची’ नाही.

खाण्यात वेगळं पथ्य नाही. पेज, भाकरी, कुळथाची पिठी, बांगडा, जे घरात शिजतं ते वेळेवर. इंटरनेटवर तुम्हाला असाही सल्ला दिसेल की कष्टाआधी साखर घ्यावी. तो मॅकआर्डल नावाच्या दुसऱ्या आजाराचा आहे. त्यात स्नायूला स्वतःचं ग्लायकोजन मोडताच येत नाही, त्यामुळे बाहेरून आलेली साखर उपयोगी पडते. तिथलं औषध इथे आणू नका.

म्हणजे क्रम असा लावा: इको आणि ईसीजी, थायरॉइड वगैरे साधं रक्त, पाँपेची चाचणी, मग मुंबईत बायोप्सी आणि सोबत आई-वडिलांचं रक्त. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, बोट तशीही किनाऱ्यावर ओढलेली. त्या दोन महिन्यांत हे सगळं बसतं आणि नारळी पौर्णिमेच्या आत बरेचसे रिपोर्ट हातात येतात. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘पीएएस, डायस्टेजसह’ असं लिहिलेलं आहे का तेवढं बघा. नसेल तर पट्ट्या मागून घ्या. आईंना विचारलंय म्हणून सांगा, आणि आज रात्री गजर लावू नका.